ब्लॉगवरची सव्वा मूठ

काढून टाका म्हणे. धुळ्याहून फोन, सुरतेहून फोन, आणि दोघं भाऊबंद तर एसटीनं नशिराबादला उतरून थेट माझ्या दारात. पाणी प्यायच्या आधीच सुरू. आबा, ते मोबाईलवरलं काढून टाका. जसं काही मी त्यांच्या भिंतीवर कोळशानं लिहून आलो होतो! ब्लॉग माझा, बोलणं माझं, घडलं ते खरं. मग काढायचं का? तर म्हणे ह्यांना ते वाचवत नाही. नका वाचू. मी कुणाच्या घरी जाऊन वाचून दाखवलं?

ह्याच माणसांनी माझ्या ओट्यावर बसून सगळ्या गावाची उणीदुणी काढली आहेत. माझी नशिराबादला पिठाची चक्की होती. दळण होईपर्यंत बाया-माणसं बसायची, आणि चक्कीच्या आवाजात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून आमच्याकडं गुपित असं काही नसायचं. मी कुणाला कधी म्हटलं नाही की बाबा, हे तुझं बोलणं परत घे. बोललं ते बोललं.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात मास्तरांना नाला ओलांडता येत नसे. पण डब्यांवर खडूनं नावं लिहून लिहून माझं अक्षर पक्कं झालं. त्याची मला लाज नाही. लाज वाटावी असं मी काही केलेलंच नाही, आणि हे मी भांडण सुरू झाल्यावर म्हणत नाही, आधीपासून म्हणतो.

पुढं घरोघरी घरघंट्या आल्या. बटाट्याच्या पेटीएवढं यंत्र, स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसतं. चक्की बंद पडली, मोटार भंगारात गेली, दगड दाराशी पायरी म्हणून टाकले. दळण गेलं ते मी पचवलं. बोलणं गेलं ते पचेना. दिवसभर ओट्यावर बसून हायवेवरचे ट्रक पाहायचे.

तेव्हा मुलगी घरी आलेली होती. तिला चाळीसगावला दिली होती. ती सासर सोडून आली आणि इथंच राहिली. का, ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. जळगावला एका साड्यांच्या दुकानात ती कामाला जाते. रात्री जेवताना मी तिला चक्कीवरच्या गोष्टी सांगत बसायचो, तर एक दिवस म्हणाली, "आबा, ही म्हशीची गोष्ट मला आता पाठ आहे. मोबाईलला सांगा, तो कंटाळत नाही." आणि तिनं ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं 'चक्कीवरलं'.

मी बोलतो, मोबाईल लिहितो, ती संध्याकाळी आल्यावर कुठं थांबायचं त्या खुणा घालते. पण गळा चक्कीवाल्याचा, हळू बोलणं मला जमत नाही. त्यामुळं माझी पोस्ट ब्लॉगवर पडायच्या आधी गल्लीत पडलेली असते. समोरची बाई भांडी घासता घासता विचारते, "आबा, काल म्हैस विहिरीपाशी गेली, आणि मग? अर्ध्यातच का थांबले?"

"मोबाईलची बॅटरी गेली."

"मग त्यात आमची काय चूक?"

लोकांना वाटतं ब्लॉग म्हणजे गंमत आहे. एक पोस्ट सांगताना माझा सकाळचा चहा गार होतो आणि दुपारी घसा बसतो. एवढं करून खाली काय येतं, तर कुणाचे जोडलेले हात, कुणाची कर्जाची जाहिरात. एक शहाणा लिहितो, आबा, व्हिडिओ करा, आजकाल वाचतं कोण. माझा सुरतेचा मुलगा फोनवर विचारतो, "ह्याच्यातून काय मिळतं पण?" अरे, चक्कीच्या ओट्यावर बसून गप्पा मारणाऱ्यांना काय मिळत होतं? पीठ त्यांचं त्यांनीच आणलेलं असायचं.

पण एकदा मी चक्कीच्या दगडाला टाकी कशी लावतात ते सांगितलं होतं. दगड उलटा टाकायचा, छिन्नीनं नवीन दाते पाडायचे, मग आधी टाकाऊ दाणे टाकून दगड साफ करायचा. नाशिकच्या एका बाईनं खाली लिहिलं की वाचताना गरम पिठाचा वास आला आणि माझी आई डोक्यावर डबा घेऊन चालताना दिसली. त्या दिवशी मी चहात साखर घालून घेतली, डॉक्टरांना न विचारता. हे मिळतं. हे सुरतेत बसून कळत नाही.

आता ज्यावरून आग लागली ते सांगतो.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आमच्या कुळाची देवी कानबाई, ती धुळ्याला माझ्या थोरल्या चुलत भावाच्या घरी बसते. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी निघते. आदल्या दिवशी भाऊबंद जमतात. घरोघरचे गहू आणलेले असतात. आपल्या घरात जेवढी पुरुषमाणसं, त्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घालायचे. सगळ्यांच्या मुठी एकत्र होतात आणि धुतलेल्या चक्कीवर दळण जातं. त्याच पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या. कानबाईच्या पाया पडायला कुणीही यावं, गाणी म्हणावी, फुगड्या खेळाव्या, पण रोट खायचा कुळातल्यांनीच. आणि उरलेलं पीठ पौर्णिमेच्या आत कुळातल्यांनीच खाऊन संपवायचं. राहिलं तर दोष सगळ्या कुळाला.

दिलेली मुलगी कुळातून गेली, असं आमच्यात धरतात. ती नवऱ्याच्या घरचे रोट खाते. ठीक. पण जिला नवऱ्याचं घरच उरलं नाही तिनं कुठले खायचे?

मुलगी परत आली त्या वर्षी मी तिला धुळ्याला घेऊन गेलो होतो. रात्रभर गाणी तिनं म्हटली, गळा चांगला आहे. दुसऱ्या दिवशी पंगत बसली. सगळ्यांच्या पानात रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. तिच्या पानात वेगळा शिजवलेला वरणभात. वाढणाऱ्या बाईनं वाईट मनानं वाढला नाही, रीत म्हणून वाढला. मुलीनं तो खाल्ला. मी समोरच्या ओळीत बसलो होतो. मला तो भात अजून दिसतो. त्यानंतर ती कधी धुळ्याला आली नाही. दरवर्षी कानबाईचे गहू मात्र तीच निवडते. रविवारची सुट्टी घालवून, चष्मा लावून, एक एक खडा काढून.

तर यंदा मी सुपापाशी बसलो. माझी मूठ घातली. सुरतेच्या मुलाची घातली. तो कानबाईला कधी आला ते मला आठवतही नाही. त्याच्या पोराची घातली, त्या पोरानं धुळं पाहिलेलं नाही. आणि हे सगळे गहू तिनं निवडलेले. हात पुन्हा पिशवीत गेला. मी तिच्या नावानं सव्वा मूठ घातली. मनात नाव घेतलं, मोठ्यानं नाही. कुणी पाहिलं नाही. दळण गेलं, रोट झाले, सगळे पोटभर जेवले, कुणाला काही झालं नाही.

घरी आल्यावर मी ते ब्लॉगवर सांगितलं. मुलगी दुकानात होती. तिच्या खुणांसाठी थांबलो असतो तर तिनं ते पडू दिलं नसतं, हे मला माहीत होतं. म्हणून मीच बोट लावून पोस्ट टाकली. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि चांगलं केलेलं लपवायचीही नाही.

आजवर वाचतं कोण म्हणणारे सगळे त्या दिवशी वाचायला बसले. सुरतेहून कुणीतरी ती पोस्ट भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात नानांचा फोन.

"आबा, हाई काय लिखी टाकं तू?"

"जे करं ते लिखं."

"आरे, आमना पोटमा गयं ना ते!"

"मंग? पोट दुखस का?"

"मस्करी नको करू. काढी टाक ते."

"मूठ का पोस्ट?"

"आबा!"

"मी नही काढाव," म्हणालो आणि फोन ठेवला.

मग सगळे सुटले. एकजण म्हणे तू बाटवलं. एकजण म्हणे केलं ते केलं, लिहायचं कशाला. हा मला जास्त लागला. म्हणजे मुलीला गुपचूप मोजलेलं चालतं, उघड मोजलेलं चालत नाही! ग्रुपवरून मला काढून टाकलं. पुढच्या वर्षी कानबाईला बोलावणार नाही असं सांगितलं. आणि सगळ्यांत कहर म्हणजे धुळ्यातले भाऊबंद नानांकडं उरलेल्या पिठाचा रोट खायला यायचे बंद झाले. पौर्णिमा जवळ येत होती आणि घरात नाना आणि वहिनी, दोन म्हातारी माणसं आणि डबाभर पीठ.

पण माझं खरं भांडण घरी झालं. पोस्ट टाकली त्याच संध्याकाळी मुलगी आली ती चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"आबा, मला विचारलं होतं का?"

"मूठ घालायला काय विचारायचं?"

"मूठ घालायला नाही. लिहायला. दुकानात गिऱ्हाईक बाई मला विचारते, ती मूठवाली मुलगी तुम्हीच का? मी परत आले हे मी दुकानात कुणाला सांगितलं नव्हतं."

माझंही डोकं तापलेलं होतं. मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी सगळ्या भाऊबंदांशी वैर घेतलं."

"मी सांगितलं होतं का घ्यायला?"

ब्लॉगचा पासवर्ड तिच्याकडं असतो. पोस्ट काढायची तर तिला एक बोट पुरं होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी खाटेवर पडून पाहत होतो. ती मोबाईल घेऊन बराच वेळ बसली. मला वाटलं गेली पोस्ट.

सकाळी चहा देताना तिनं मोबाईल माझ्यासमोर ठेवला. "खालचं वाचा," म्हणाली.

खाली बायकांनी लिहिलं होतं. वाचायला मला वेळ लागतो, पण ते मी सगळं वाचलं. एकीनं लिहिलं होतं, मी माहेरीच राहते, दरवर्षी रोट मी लाटते आणि बाजूला बसते. एकीनं लिहिलं, वडील होते तेव्हा सुचलं नाही त्यांना, सुचलं असतं तर त्यांनीही घातली असती असं वाटतं. एकीनं काहीच लिहिलं नव्हतं, नुसतं 'वाचलं' असं लिहिलं होतं.

"मी काढणार होते," मुलगी म्हणाली. "पण आता ह्यांनी एवढं लिहिलं. ते कुठं टाकू?"

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळी विचारायचं."

बरं म्हणालो. बरं हा शब्द मी फार लोकांना म्हटलेला नाही.

मी धुळ्याला जायचं ठरवलं. नानांशी फोनवर भांडून उपयोग नव्हता, त्यांना कमी ऐकू येतं आणि माझं जास्त ऐकू येतं, सगळी गल्ली जमते. मुलगी म्हणाली, "मीही येते. भांडण माझ्यावरून, आणि मी काय दुकानात साड्यांच्या घड्या घालत बसू?"

नाना पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. मुलगी दारापाशीच भिंतीला टेकून बसली. वहिनींनी तिला पाणी दिलं. नानांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"काढं का ते?"

"नही काढं."

"मंग कसाले उना?"

"तुमनं तोंड पाहाले," मी म्हणालो. "आन एक सांगाले. पीठना डबा आना. तिनी मूठ त्या पीठमाईन येगळी काढी द्या. आत्ते काढस पोस्ट, तुमना समोर."

नाना म्हणाले, "पीठ कोनी येगळं काढी सकस का?"

"मंग लिखेल बी नही निंघाव."

"तू चक्कीवाला शे, म्हनीसन असं बोलस."

"हो, शे. आन आजून सांगस." मग माझा गळा सुटला, बोली राहिली बाजूला. मी म्हणालो, श्रावणात मी माझी चक्की धुऊन कानबाईची दळणं दळायचो, सगळ्या कुळांची, एकामागं एक. दगड कितीही झाडा, मागच्याचं थोडं पीठ दगडात राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात जातं. गावातल्या सगळ्या कुळांनी एकमेकांचे रोट खाल्लेत. कोण मेलं?

नाना खाटेवरून अर्धे उठले. "म्हंजे तू उभी जिंदगी गाव बाटाडं, आन माले आते सांगस?"

दारापाशी मुलगी हसली. तोंडावर पदर दाबला तरी हसू बाहेर आलं. वहिनीही हसल्या. मी मात्र हसलो नाही, मी खरंच चिडलो होतो. नानांनी तेव्हा पहिल्यांदा मुलीकडं पाहिलं. बरंच पाहिलं. मग पुन्हा खाटेवर बसले आणि भिंतीकडं तोंड करून बोलले.

"पीठ तू ली जा. ज्यानी मिसाळं, त्यानी सरावं. आठे कोनी खाई नही ऱ्हायनं."

"हाई सजा शे का?"

"सजाच शे. पुनीमना आत सरनं पाहिजे. दानाभर बी ऱ्हावाले नको." आणि वर म्हणाले, "आन तुले एकलाले सराव नही." एकट्यानं ते पीठ मला संपणार नाही, असं.

मला सजा! तिच्या मुठीबद्दल मला सजा, आणि तीसुद्धा त्याच घरात, जिथं तिला वरणभात वाढला होता. मी तोंड उघडणार होतो. मुलीनं माझी बाही ओढली. वहिनींनी आतून डबा आणला, वर फडकं बांधलेलं. माझ्या हातात न देता मुलीच्या हातात दिला. म्हणाल्या, "वर गूळ बी ठेवेल शे. तुले रोटसंगे गूळ लागे ना, धाकली व्हती तवय."

येताना एसटीत डबा तिनं मांडीवर धरला होता. पारोळा मागं पडल्यावर तिनं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "आबा, सजा तुम्हाला झाली की मला?"

"मला. तुला नुसतं खायचंय."

"पीठ बघितलं का, किती आहे?"

"तू निवडलेले गहू आहेत त्यात. कुरकुर करू नको."

घरी आल्यावर तिनं कणीक मळली. पीठ धड बारीक नाही, धड भरड नाही. दगडाला टाकी लावून किती दिवस झाले असतील त्या चक्कीवाल्यानं देव जाणे, आणि ह्यांना बाटण्याची काळजी! मी हे तिला ऐकवत होतो, ती लाटत होती. पहिला रोट तिनं कानबाईचं नाव घेऊन बाजूला ठेवला, दुसरा माझ्या ताटात, तिसरा तिच्या. गूळ फोडला. मी मुद्दाम दाराकडं बघत बसलो. बघत बसलो नसतो तर तिनं खाल्लं नसतं, असं मला वाटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जाड झाला."

"चक्कीवाल्याची चूक आहे."

"लाटला मी."

"तरी चक्कीवाल्याचीच."

पौर्णिमेपर्यंत आम्ही सकाळ-संध्याकाळ तेच खाल्लं. सकाळी दुकानात जाताना तिच्या डब्यात रोट, दुपारी मला ताकाबरोबर रोट. पोट तक्रार करत होतं, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही, नाहीतर धुळ्याला लगेच वेगळा अर्थ निघाला असता. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी डबा रिकामा झाला. मुलीनं तो पालथा करून मला दाखवला आणि धुऊन उन्हाच्या जागेवर सकाळसाठी ठेवला.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला.

"सरनं का?"

"सरनं."

"दोन्हीसनी खादं?"

"दोन्हीसनी."

मला त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग नाना म्हणाले, "ते मोबाईलवरलं काढी टाक आते. झायं ना बठ्ठं."

"नही काढाव."

"तू मरे तोपावत आसाच ऱ्हाशी."

"ऱ्हासू."

"आन हाई बी लिखशी का? पीठनं, सजानं?"

मी मुलीकडं पाहिलं. ती कामावर निघाली होती, पर्स खांद्याला. मोबाईलवर हात ठेवून तिला विचारलं, लिहू का. नाना ओरडून बोलतात, त्यामुळं तिनं सगळं ऐकलं होतंच. तिनं मान डोलावली, आणि गेली.

"लिखसू," मी नानांना म्हणालो.

"मंग गूळनं बी लिखजो," नाना म्हणाले. "मना नावना सव्वा मूठ गहू ज्या कोठीमा ऱ्हातस ना, तेच कोठीमाईन तुनी वहिनीनी तो गूळ काढा. माले इचारं बी नही."

म्हणजे मुलीचा गूळ नानांच्या मुठीच्या गव्हांच्या कोठीतला, त्यांना न विचारता काढलेला. ग्रुपवर मला अजून परत घेतलेलं नाही. पोस्ट तिथंच आहे. गुळाचं मी हे लिहिलं.